डोकं गप्प करण्याचे पंधरा दिवस

४ मार्च
आजपासून दारू बंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आजार, लहानपणापासून. आई त्याला वांडपणा म्हणायची. पंधरा दिवस न पिता राहून दाखवा, मग गोळ्यांचं बघू. या आजारात माणूस व्यसनाला लवकर लागतो, असंही काहीसं म्हणाल्या. पुढचं ऐकलं नाही, त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं होतं.

१९ तारखेला त्याच बाईंकडे आमच्या लेकीची, भिंगरीची तपासणी. वय नऊ, वर्गात एका जागी बसत नाही. आईबाप दोघांनी यायचं, शुद्धीत. 'शुद्धीत' हा शब्द हिचा.

५ मार्च
नाही प्यायलो. वेळापत्रक केलं, चार रंगांत. ऑफिसचं काम तेवढं राहिलं.

७ मार्च
साहेब भडकले. बंगल्याच्या नकाशात मी जिना काढायला विसरलो. वरती चार खोल्या, जायचं कुठून ते नाही. विचारतात, लक्ष कुठे असतं? सगळीकडे असतं, तेच तर दुखणं आहे. संध्याकाळी एक पेग, औषधापुरता. उद्या पहिला दिवस.

१० मार्च
ही म्हणते मी बाटली लपवली. साफ खोटं. कुठे ठेवली तेच आठवत नव्हतं. शोधता शोधता अख्खा माळा आवरून झाला, त्याचं कौतुक कोणाला नाही. मग माझं मीच केलं. दोन पेग.

१३ मार्च, सायं. ७
दोन पेगनंतर डोक्यातले सगळे रेडिओ बंद होतात. तासभर बसून जिना काढला, एकही रेघ वाकडी नाही. हे डॉक्टरांना का कळू नये? वैताग आहे नुसता.

१७ मार्च
वही तीन दिवस सापडत नव्हती. न नोंदलेले दिवस धरायचे का, हे बाईंनी सांगितलेलं नाही. मी धरत नाही. म्हणजे रेकॉर्ड तसं चांगलंच आहे.

१९ मार्च, दुपारी
शुद्धीत गेलो. वेळेवर, इस्त्रीच्या शर्टात. कालपासून थेंब नाही हे कोणी न विचारता सांगितलं.

बाईंनी भिंगरीला विचारलं, एका जागी बसायला तुला कशाची मदत होईल? ती म्हणाली, बाबा संध्याकाळी पितात ते द्या. ते प्यायले की बाबा उठत नाहीत, माझं सगळं ऐकतात.

बाई लिहून घेत होत्या. ही खिडकीबाहेर बघत होती. खूप लाज वाटली. त्यानंतर अर्धा तास मी त्या खुर्चीत हललो नाही, आणि प्यायलेलो नव्हतो.