ब्रॅकनशॉच्या फलाटाची कड

मी, एनिड ओल्ड्रॉइड, कै. वॉल्टर ओल्ड्रॉइड याची विधवा, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार स्टेशन रोड, ब्रॅकनशॉ, यॉर्कशायर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. खुबा नवा बसवला आहे, डोकं जुनंच आहे आणि ते नीट चालतं. रागाच्या भरात मृत्युपत्र करू नये, असं वकीलबाई म्हणाल्या. राग जायची वाट पाहिली तर मृत्युपत्र राहूनच जाईल, असं मी त्यांना सांगितलं. याआधी केलेली सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेतली शिल्लक माझी भाची हिलरी हिला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील. हिलरी नर्स आहे आणि तिला खेळण्यातल्या रेल्वेचा मनापासून तिटकारा आहे. क्लबातल्या कोणाच्या गोड बोलण्याला ती भुलणार नाही.

कलम २. घरामागची लांब शेड आणि तिच्यातली ब्रॅकनशॉ स्टेशनची प्रतिकृती. यावरून भांडण होणार, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं स्टेशन बंद होऊन रूळ उखडले गेले, त्यालाही जमाना झाला. आमच्या मॉडेल रेल्वे क्लबने ते १९६३ साली होतं तसं टेबलावर उभं केलं. इंजिनं वॉल्टरची आणि क्लबचा अध्यक्ष डेरिक स्पिंक याची. इंजिनं दुकानात मिळतात. फलाट मिळत नाही, म्हणजे मिळतो, पण तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत असतो. ब्रॅकनशॉचा फलाट वळणावर होता, वेटिंग रूमपुढच्या फरश्या खचलेल्या होत्या आणि तिथे पावसाचं पाणी साचायचं. तो फलाट मी केला. एकेक फरशी पुठ्ठ्यातून कापली, खचलेल्या फरश्या खचवूनच बसवल्या. दगडाचा रंग क्लबच्या मंडळींच्या कपांत उरलेल्या चहाचा आहे. तो चहाही मीच केलेला असायचा. प्रदर्शनात पाटी लागायची, 'फलाट: वॉल्टर ओल्ड्रॉइड'. मी एकदा वॉल्टरला विचारलं, तर म्हणाला, "अगं, आडनाव तुझंच आहे ना?"

फलाटाची कड बसवणं हे खरं काम. सगळ्यांत लांब डब्याच्या पोटाला, फलाटाकडच्या बाजूला, पेन्सिल बांधायची आणि डबा हाताने वळणावरून हळूहळू ढकलायचा. पेन्सिल जी रेघ ओढील, तिच्या केसभर अलीकडे कड. यापेक्षा पुढे आली तर डबा घासतो, मागे गेली तर फट पडते.

गेल्या वसंतात मी खुब्यासाठी इस्पितळात होते. तेवढ्यात डेरिकने मोठं हिरवं एक्स्प्रेस इंजिन घेतलं. तसलं इंजिन आमच्या छोट्या फाट्याच्या लाइनीवर कधी आलं नाही, आलं असतं तर नदीवरचा पूल खचला असता. वळणावर त्याचं पोट माझ्या फलाटाला घासत होतं. म्हणून डेरिकने माझ्या फलाटाची कड सुरीने तासून काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी काठी टेकत शेडमध्ये गेले तेव्हा तो इंजिन पुसत बसला होता.

"एनिड, इतकं काय मनाला लावून घेतेस? जरासा तासलाय."

"डेरिक, ही फट बघ. यातून माणूस खाली जाईल."

"अगं, माणसं काय खरी आहेत, पडायला?"

"मग तुझं इंजिन तरी खरं आहे का?"

यावर तो हसला आणि म्हणाला, "चहा टाकतेस का?" मी चहा टाकला नाही. त्या दिवसापासून शेडमध्ये चहा झालेला नाही.

आता अट. डेरिकने ती कड स्वतःच्या हाताने पुन्हा बांधावी. दुसऱ्याकडून करून घेतलेली चालणार नाही. जुना डबा घ्यावा, पेन्सिल बांधावी, पुठ्ठा कापावा, रंगाला चहा स्वतः करावा. काम झाल्यावर हिलरीने तपासावं. फलाटावर निळा कोट घातलेली, हातात पेटी घेतलेली एक बोटाच्या पेराएवढी बाई उभी आहे. तिला डिंकातून सोडवून नव्या कडेशी धरावं. तिचा एक पाय फलाटावर आणि दुसरा डब्याच्या पायरीवर टेकला, तर शेड आणि प्रतिकृती क्लबची. मी गेल्यावर वर्षभरात टेकला नाही तर शेड पाडून हिलरीने तिथे बटाटे लावावेत.

कलम ३. माझ्या सुऱ्या, पट्ट्या आणि चिमटे क्लबातल्या कोणालाही देऊ नयेत. चहाची किटली मात्र डेरिकला द्यावी, त्याला लागेल.

कलम ४. ती निळ्या कोटातली बाई मी आहे. क्लबात हे कोणालाच ठाऊक नाही, कारण कोणी विचारलं नाही. १९६३ च्या सप्टेंबरात डर्बीच्या रेल्वे कारखान्यात नकाशे काढायची नोकरी मला लागली होती. पेटी घेऊन मी फलाटावर उभी होते. वॉल्टर सायकलवरून धापा टाकत आला आणि म्हणाला, "डर्बीला जाऊन काय करणार आहेस? तिथे पोरींना चहाच करायला लावतात. तो इथे कर." गाडी आली, थांबली आणि गेली. त्याने मला धरून ठेवलं नव्हतं, हे खरं आहे. पण त्याने खोटं सांगितलं होतं. पुढे माझी मैत्रीण त्याच नोकरीवर गेली आणि तिने पूल आखले. वॉल्टरचा मला राग आहे. तो मेला तेव्हाही होता, आणि मी रडले तेव्हाही होता.

तेव्हा कड पुरी झाल्यावर हिलरीने त्या बाईचे पाय परत डिंकात रोवू नयेत, तिला डब्यात खिडकीशी बसवावं आणि गाडी सोडावी. गाडी टेबलाच्या टोकाला लावलेल्या पडद्यामागे दिसेनाशी झाली की बाईला बाहेर काढू नये. क्लबने फलाटावर तिच्या जागी दुसरं कोणी उभं करू नये. वर्षभरात कड झाली नाही, तर तो डबा बाईसकट हिलरीने आपल्याकडे ठेवावा.

कलम ५. चर्चच्या आवारात वॉल्टरशेजारी माझ्यासाठी जागा राखलेली आहे. ती तशीच रिकामी ठेवावी. माझं दहन करावं. राख हिलरीने डर्बीला न्यावी. ब्रॅकनशॉहून गाडी नाही, म्हणून लीड्सपर्यंत बसने आणि पुढे रेल्वेने. राखेला तिकीट लागत नाही म्हणतात, तरी काढावं. हिलरीचं परतीचं, माझं एकेरी.

साक्षीदार: मेव्हिस टॉर्डॉफ, शेजारीण. (साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही हे कळल्यावर रुसली, म्हणून निळी बरणी आजच तिच्या हातात दिली.)
कीथ लम, खाटीक. (दुकान उघडं टाकून आला आहे, घाईत आहे.)

वरील दोघांच्या समक्ष सही केली.

एनिड ओल्ड्रॉइड

स्थळ: स्टेशन रोड, ब्रॅकनशॉ
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५