कॅमेऱ्याला आवाज नाही

३ मार्च, सोमवार

धाकट्याने कॅमेरे पाठवले. तीन! बाबांनी खोका मांडीवर घेऊन उघडला, मग शेजारच्या काकूंना बोलावून दाखवला. तीन वर्षं सुट्ट्या घालवून मी हे घर जोडलं — दिवे, पंखे, टाकीची मोटर, सगळं एका पडद्यावर. तेव्हा म्हणाले होते, बटणाला काय झालं होतं? आणि आता धाकट्याचं कौतुक संपेना. भिंतीला भोकं पाडायची कोणी? थोरल्याने.

५ मार्च

बसवले. धाकट्याच्या फोनवर दोन मिनिटांत दिसायला लागले. माझ्या सिस्टिममध्ये यायला मात्र तयार नाहीत. पाठवणाऱ्यासारखेच आखडू.

८ मार्च

राउटरमधून एकेकाचा पत्ता शोधला, पासवर्ड घातले. चित्र आलं! आवाज नाही — कॅमेरा ज्या पद्धतीने तो पाठवतो, ती माझ्या सिस्टिमला कळत नाही. राहू दे. आमचं दिवसाचं बोलणं म्हणजे 'जेवलास?' आणि 'हो'. बाबांना सांगितलं, निळा दिवा लागलेला असला की मला ऑफिसातून घर दिसतं. 'बरं' म्हणाले. संपलं.

११ मार्च

चार वाजता ऑफिसात सहज पडदा उघडला. बाबा बाहेरच्या खोलीतल्या कॅमेऱ्यासमोर उभे. ताठ, हात बाजूला — कारखान्याच्या गेटवरची बत्तीस वर्षं अजून पाठीत आहेत. आणि बोलतायत. चांगलं मिनिटभर!

१२ मार्च

आजही. चारलाच.

१६ मार्च, रविवार

रोज चालू आहे. जळफळाट होतो, इथे लिहायला लाज कसली? औषधं मी आणायची, डॉक्टरकडे मी न्यायचं, मनातलं बोलायचं ते धाकट्याशी. त्याला फोनवर खोचकपणे विचारलं, काय काय सांगतात रे बाबा? म्हणाला, काही विशेष नाही. लपवतोय.

१७ मार्च

केलं. पावणेचार ते सव्वाचार तो कॅमेरा आपोआप बंद. बोला आता भिंतीशी!

१८ मार्च

संध्याकाळी काकूंनी जिन्यातच गाठलं. कॅमेऱ्याचा दिवा लागेना म्हणून बाबा स्टुलावर चढले होते. काकू नेमक्या पेपर परत द्यायला आल्या, म्हणून धरलं. बाबांना विचारलं तर म्हणे धूळ पुसत होतो.

तो नियम उभ्या उभ्या काढून टाकला. स्वतःची शरम वाटली. तरी मत्सर काही जात नाही. असं काय सांगायचं असतं त्याला, की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढावं? आता आवाज आणायचाच.

१९ मार्च

आवाज आला. चारला इअरफोन घालून बसलो. बाबा आले, ताठ उभे राहिले.

''थोरल्या, चार वाजले. गॅस बंद. मागचं दार लावलं. गोळी घेतली. सगळं ठीक आहे, तू सावकाश ये.''

मग जायला वळले, आणि पुन्हा थांबले.

''दोन दिवस दिवा लागला नाही तुझा. बरा आहेस ना?''