बोट कुठे जाणार, मला आधीच कळतं

शुक्रवार, १७ जानेवारी २०२५
रोजनिशी एक तारखेपासून लिहायची होती. वही तीस डिसेंबरलाच आणली. पहिल्या पानावर नाव घातलं. मग पेन आवडेना. नवं पेन आणायला मांडवीला गेलो तर पतंगांचा बाजार लागलेला. मग उत्तरायण आलं आणि मांज्याने उजव्या हाताची तर्जनी कापली. म्हणून चौदापासून लिहिलं नाही. एक ते तेराचं कारण आत्ता आठवत नाही.

माझी परिस्थिती एकदा नीट लिहून काढतो. डिप्लोमा तिसऱ्या सेमिस्टरला सोडला. नर्मदा परिक्रमा अकराव्या दिवशी. गोव्यातली बोटीवरची नोकरी बोटवाल्यानेच सोडायला लावली. ऑगस्टमध्ये वत्सला आत्याच्या मोतीबिंदूसाठी चार दिवस बडोद्याला आलो, मांजलपूरला, तिच्या फ्लॅटवर. पाचव्या दिवशी प्राची दिसली. अजून इथेच आहे.

प्राचीच्याच ओळखीने नोकरी लागली. फतेगंजमध्ये सायकलच्या दुकानावर दुसरा मजला, सहा माणसांची कंपनी. स्क्रीनवर बोट फिरवलं की रेघ बोटाच्या किंचित मागून येते. पापणी लवायच्या आतला उशीर, पण माणसाला तो खुपतो. आमचं सॉफ्टवेअर बोट पुढच्या क्षणी कुठे असेल ते ओळखतं आणि रेघ तिथे आधीच काढून ठेवतं. अंदाज चुकला तर ती गुपचूप पुसतं. त्याला शिकवते प्राची. मी दिवसभर टॅबवर रेघा ओढतो, त्यावरून ते शिकतं. थोडक्यात, ते माझ्यावर गेलंय.

संकल्प : ३१ जानेवारीच्या आत प्राचीला मनातलं सांगणे.

सोमवार, २० जानेवारी
बोटाला पट्टी असल्याने रेघा बंद. रिकामा होतो म्हणून प्राचीला म्हटलं, तू ओढ, तुझं बोट कुठे थांबणार ते मी आधी सांगतो. दहापैकी आठ बरोबर. सॉफ्टवेअरचे सहा!
प्राची हसली. म्हणाली, चीटिंग आहे ही, तू बोटाकडे बघतच नव्हतास, माझ्याकडे बघत होतास.
म्हणजे तिला माहीत आहे. मग सांगायची एवढी घाई कशाला? संकल्पाची तारीख फेब्रुवारीअखेर केली.

शुक्रवार, २४ जानेवारी
सिद्धार्थ सरांनी जबाबदारीचं काम दिलं. युनिव्हर्सिटीत जाऊन चाळीस विद्यार्थ्यांची बोटं आणायची. प्रत्येकी पन्नास रेघा, या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत. शिवाय फॉर्म : नाव, वय, कुठला हात. सर म्हणाले, आता तरी जरा सिरियसली ले ने, भाई.
घेतलं. साडेदहाला कॅम्पसवर हजर. तिथे काही मुलं मातीचा घोडा करत होती, मागचा पाय उभा राहत नव्हता. मी थोडी मदत केली. चार वाजता पाय राहिला. बोटं शून्य.

गुरुवार, ३० जानेवारी
बोटं दोन. एक सेव-उसळवाला, त्याने टॅबवर रस्सा सांडला. दुसरा वॉचमन.
पण डोकं चाललंय! रविवारी आत्याकडे हळदीकुंकू आहे. बायका आपल्या पायाने घरी येणार. कॅम्पसवर उन्हात हिंडायचं कशाला? शिवाय आत्याला गळ घातली की प्राचीच्या आईला, स्नेहलताकाकूंना, नक्की बोलाव. म्हणजे माझं काम काकूंना समोरच दिसेल. आत्याने चष्म्यावरून पाहिलं. म्हणाली, कुश्या, आईला बोलावून काय होणार आहे, मुलीशी बोल. मी म्हटलं, आधी वातावरण तयार करावं लागतं.

रविवार, २ फेब्रुवारी
वातावरण तयार झालं. अडतीस बायका! आत्याने दारातच जाहीर केलं, आधी पन्नास रेघा, मग वाण. वाण स्टीलच्या गाळणीचं, त्यामुळे कुणी हलेना. हलव्याने हात चिकट, टॅब पुसून पुसून माझा रुमाल गेला. एकीने विचारलं, यातून भविष्य कळतं का हो? मी म्हटलं, थोडंसं. मग तिने शंभर रेघा ओढल्या.
काकू बोलल्या माझ्याशी. काय करतोस? म्हटलं, पुढचं ओळखतो. मग पुढे काय करणार आहेस? म्हटलं, ते अजून ठरलं नाही. त्यांनी मान हलवली. कौतुकानेच असावी.
सहा वाजता आईला न्यायला प्राची आली. अबोली रंगाचा कुर्ता. मी दिलेला तिळगूळ तिने सगळ्यांसमोर खाल्ला. पाणीगेटच्या अवंतीमावशी आत्याला विचारत होत्या, ही कुणाची हो, गोड आहे मुलगी. बाईंना दृष्टी आहे.
फॉर्मवर विद्यार्थी हवे होते, म्हणून वयं जरा सारखी केली. वत्सला, वय १९. आत्याला दाखवलं, खूष झाली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
चाळीस बोटं जमा केली. नियमाप्रमाणे प्राचीने एकेक रेघ तपासायला हवी होती. म्हणाली, तू आणलंयस ना, मग बघत नाही. आणि सही केली.
माणूस असं कुणाला म्हणतं?
तिथल्या तिथे सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं. इतक्यात समोरच्या बिल्डिंगमध्ये साप निघाला म्हणून गलका झाला. दहाच मिनिटं बघून आलो. साप नव्हता, पाइप होता. ती घरी गेली होती.

बुधवार, १२ फेब्रुवारी
आत्याने बातमी आणली. अवंतीमावशींनी आपल्या भाच्यासाठी प्राचीला विचारलंय. विश्वास, नाशिकला असतो. रविवारी बघायला येतोय.
म्हणजे माझ्याच हळदीकुंकवात हेरली.
अंदाज : प्राची नाही म्हणणार. कारणं : १) तिला बडोदा सोडवत नाही. २) ती अनोळखी माणसाशी पाच मिनिटांवर बोलत नाही. ३) मी.
आत्या म्हणते, अरे, आज फोन कर, रविवारच्या आत बोल. मी तिला समजावलं की विचारलं की गोष्टी अवघड होतात. सॉफ्टवेअर बोटाला विचारतं का, तू कुठे चाललंस? आत्या म्हणाली, तुझ्या वडिलांचंही असंच होतं, आणि दाणे भाजायला गेली.

सोमवार, १७ फेब्रुवारी
हे सविस्तर लिहायला हवं.
चार वाजता प्राची म्हणाली, चहाला चल. खाली लारीवर, म्हणजे चहाच्या गाडीवर, गेलो. म्हणाली, विश्वास चांगला वाटला. दोन तास बोललो. मग कप खाली ठेवून म्हणाली, कुशल, तुला काय वाटतं? खरं सांग हं.
मी तयारीत होतो. प्राचीला कुणी एक सांगितलं की ती नेमकं उलटं करते. सर म्हणाले निळा, की ती हिरवा. आई म्हणाली साडी, की ती जीन्स. सहा महिने निरीक्षण आहे माझं. म्हणून मी अगदी शांतपणे म्हटलं, छानच आहे की, हो म्हणून टाक.
ती माझ्याकडे बघत राहिली. लारीवाल्याने मध्ये विचारलंसुद्धा, बीजी चाय आपुं, अजून एक देऊ? मग तिने कप उचलला, त्यात चहा नव्हता तरी तोंडाला लावला, आणि म्हणाली, बरं.
आता ती नाही म्हणणार. काम झालं.
जेवण गेलं नाही. आनंदानेच बहुतेक.

गुरुवार, २० फेब्रुवारी
आज अहमदाबादहून क्लायंट आले होते. सरांनी दिमाखात टॅबवर सही केली. प्रत्येक अक्षराच्या शेवटी रेघ टुणकन वर उडाली. पुसली गेली. पुन्हा उडाली. क्लायंट म्हणाले, अलग छे, पण अमारा कामनुं नथी.
ते गेल्यावर प्राचीने सगळी फाइल उघडली. चाळीसपैकी अडतीस बोटं ठिपक्यापर्यंत सरळ येतात, तिथे दाबतात आणि वर झटका देतात. तिने विचारलं, ही मुलं अशी का ओढतात? मी म्हटलं, आजकालची पिढी. मग तिने विचारलं, वत्सला, वय १९, कोण?
मी बुटांकडे बघितलं.
तिने टॅब बंद केला. काळ्या काचेवर स्वतःचं बोट टेकवलं, दाबलं, वर ओढलं. एकदा. दोनदा. मग थांबली. म्हणाली, कुशल, हे कुंकू लावतायत रे. तू सांगितलंस ठिपक्याला बोट टेकवा, आणि त्यांनी अडतीसच्या अडतीस जणींनी टॅबला कुंकू लावलं.
आणि हसायला लागली. टेबलावर डोकं ठेवून हसली. मीही हसलो. माझं थांबलं तरी तिचे खांदे हलत होते. वर बघितलं तेव्हा काजळ गालावर आलं होतं. हसूनही येतं तसं.
मग ती सरांच्या केबिनमध्ये गेली. दार अर्धं उघडं होतं. सांगत होती, चूक माझी, न तपासता सही केली. कुठून आणलं हा विषयच तिने काढला नाही. सरांनी तो प्रोजेक्ट तिच्याकडून काढून घेतला. दीड वर्षाचं तिचं काम.
माझं नाव तिने घेतलं नाही. याचा अर्थ एकच होतो.
संकल्प : उद्या सरांना खरं सांगणे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
सर दिवसभर मीटिंगमध्ये. दोनदा दारापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा ते एकटेच होते, पण मोबाइल बघत होते.

सोमवार, २४ फेब्रुवारी
प्राचीने हो कळवलं. ९ मार्चला साखरपुडा. राजीनामाही दिला, सरांना म्हणाली, इथे आता मन लागायचं नाही.
नाशिकला जाणार.
अंदाज कुठे चुकला ते तपासतोय. तिने उलटं करायला हवं होतं. फक्त त्या दिवशी, लारीवर, ती माझ्या सांगण्याची वाट बघत असेल तर गोष्ट वेगळी. ही शक्यता मी धरली नव्हती. अजूनही धरत नाही. ती धरली तर पुढचं काहीच लिहिता येत नाही.
पण बोट अगदी शेवटच्या क्षणी वळू शकतं. फाइलमध्ये अशा रेघा आहेत. मी स्वतः बघितल्यात. कमी आहेत.

बुधवार, ५ मार्च
आज सांगायचंच. तीन वाक्यं लिहून पाठ केली. एक, चाळीस बोटांची चूक माझी. दोन, लारीवर मी खोटं बोललो. तीन, जाऊ नकोस.
कुठेही न थांबता तिच्या सोसायटीत पोचलो. वाटेत हत्ती दिसला तरी थांबलो नाही, हे नोंदवून ठेवतो.
दार काकूंनी उघडलं. म्हणाल्या, बरं झालं आलास, तू घरचाच, आणि हातात यादी दिली. मंडपवाल्याला खुर्च्या वाढवायला सांग, मोगऱ्याचे गजरे सांगून ये, हॉलच्या पंख्याचं बघ. प्राची आत मेंदीवालीशी बोलत होती. तिथूनच तिने हात केला. मी यादी उंच धरून दाखवली.
खुर्च्या सांगितल्या. गजरे सांगितले. पंखा मीच दुरुस्त केला, स्टुलावर चढून. सात वाजता काकूंनी लीलो चेवडो, इथला ओला चिवडा, दिला. परत निघताना प्राची जिन्यापर्यंत आली. म्हणाली, तुला काही बोलायचं होतं का? म्हटलं, पंखा तीनवर ठेवा, चारवर आवाज करतो.

शनिवार, ८ मार्च, दुपारी ४
प्राचीचा मेसेज. घरी आहेस का? पाचपर्यंत कुठे जाऊ नकोस, प्लीज.
साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. प्लीज.
अंदाज : ती येतेय. माणूस आदल्या दिवशी असं उगाच येत नाही. शर्ट बदलला. आत्याला म्हटलं, तू शेजारी जाऊन ये. ती गेली नाही, पण स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं तिने. तीन वाक्यं पुन्हा म्हणून बघितली. तिसरं आधी घ्यावं असं ठरवलं. आज मधे काही म्हणजे काही येऊ देणार नाही.

४.५०
लिफ्ट वर येतेय. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच थांबली. पावलांचा आवाज. बेल.

५.३५
विश्वास आलाय.
मोठी बॅग, चष्मा, हातात चिवड्याचा डबा. त्याची माणसं उद्या सकाळच्या गाडीने येणार, हा एक दिवस आधी आला. अवंतीमावशींकडे पाहुणे झालेत, झोपायला जागा नाही. प्राचीने त्याला सांगितलं, कुशलकडे उतर, बडोद्यात माझ्या सगळ्यात जवळचा तोच.
चांगला आहे. बूट बाहेर काढून नीट जोडीने ठेवले. आत्याला वाकून नमस्कार केला. मला विचारत होता, तुम्ही तिला ओळखता, उद्या तिला काय दिलं तर आवडेल? मी सांगितलं. बरोबर तेच सांगितलं.
आत्या हाक मारतेय, गादी काढ म्हणून. माझ्याच खोलीत घालायचीय.