चार बोल्टांपैकी तीन

तीर्थस्वरूप ताईला धाकट्याचा (गुडघा धरलाय, म्हणून बसूनच) साष्टांग नमस्कार. तुझं ब्लडप्रेशर, भाओजींचा खोकला आणि भाच्यांचा दंगा, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून आमच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र.

आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात काल दुपारी पीठ मळायचा मोठा मिक्सर धुताना पात्याचे चार बोल्ट असायला हवेत तिथे तीनच निघाले. घाबरायचं कारण नाही (असं मी सगळ्यांना सांगितलं), कारण शेवटी धातू शोधणारं यंत्र आहे. बिस्किटात टाचणी जरी असली तरी ते बोंबलतं. ते बोंबलतंय ना, हे दर तासाला लोखंडाची गोळी त्याच्याखालून सोडून बघायचं आणि वहीत ‘ठीक’ लिहून सही करायची, हे माझं काम. बारा वर्षांत यंत्र एकदाही नापास झालं नाही, मग रोज आठ वेळा त्याची परीक्षा कशाला, म्हणून मी आठही ‘ठीक’ सकाळीच लिहून टाकतो (दोन वेगळ्या पेनांनी, उगाच कुणाला शंका नको). वही इतकी सुरेख, की गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या बाईंनी तिचं कौतुक केलं होतं.

तर मी ऐटीत यंत्राशी गेलो, बघतो तो त्याचा प्लग काढून सफाईच्या मावशींनी तिथे आपलं मशीन लावलेलं. कधी काढला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “सकाळीच की! तुम्ही समोरच तर लिहीत बसला होतात.” घड्याळात चार वाजले होते आणि वहीत पाचचंही ‘ठीक’ होतं. खरं सांगतो ताई, स्वतःच्या अक्षराची भीती मला पहिल्यांदाच वाटली. संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी वही चाळली, बोल्ट आधीच कुठेतरी पडला असणार असं ठरवलं आणि माझी पाठ थोपटली. मी वही जागेवर ठेवली आणि घरी आलो.

बाकी सर्व क्षेम.

ताजा कलम: खरं काम आता सांगतो. काल बोल्टाचं कळायच्या आधीच तुला त्या मालातला बिस्किटांचा डबा पाठवला, तो उघडू नकोस. उघडला असशील तर आधी मुलांच्या हातातून काढून घे, मग मला शिव्या दे.

आणखी एक: पाकीट चिकटवलं आणि पुन्हा फाडलं. त्याच मालाचे आणखी चारशे डबे गाडीत चढून गेलेत. त्या घरांतही भाचे असतील, पण त्यांचे मामा काही आमच्याकडे कामाला नाहीत. त्यांना पत्र कोण लिहिणार? आता उठतो आणि साहेबांना सगळं सांगतो. डबे अजून दुकानांत पोचले नसतील, परत मागवता येतील. माझं काय व्हायचं ते होवो. तुझी मागची खोली रिकामी आहे का, तेवढं ड्रायव्हरजवळ सांग.