पायांच्या कारखान्यातून

प्रिय पंतोजी,

तुझी आठवण येते असं लिहून सुरुवात केली तर तू उगाच फुशारशील, म्हणून आधी घरची खबर. बाबा माझ्याशी बोलायला लागले. विद्यापीठाचा प्रवेश सोडून मी कृत्रिम पाय बनवायच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले, तेव्हापासून त्यांनी अबोला धरला होता. "पदवी घेतली ती काय प्लास्टर कालवायला?" एवढं एकच वाक्य, तेही आईकडे बघून. परवा मात्र शेजारच्या काकांना सांगत होते, "आमची लेक लोकांना पायावर उभं करते." मी दाराआड होते. हसू आणि रडू एकदमच आलं.

कामाचं म्हणशील तर अजून मी कच्चं मडकंच आहे. गुडघ्याखाली कापलेल्या पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा आणि त्यावरून नव्या पायाची खोबण, म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो तो भाग, घडवायची. पट्टी जरा सैल पडली की खोबण टोचते. गेल्या आठवड्यात एका बस कंडक्टर बाईंना मी घडवलेली पहिली खोबण बसवली. दोन्ही बाजूंच्या दांड्यांना धरून त्या चालायला लागल्या, पण पावलागणिक तोंड वाकडं. "अगं पोरी, पाय दिलायस की चिमटा?" मला शिकवणाऱ्या बाईंनी खोबण माझ्या हातात परत दिली. मी घासली, बसवली, पुन्हा घासली. शेवटी कंडक्टर बाई दांड्या सोडून चार पावलं चालल्या आणि थांबल्या. मला वाटलं, आता रडणार. तर म्हणाल्या, "झालं! आता घरातली सगळी कामं परत माझ्याच गळ्यात!" अख्खा कारखाना हसला. त्या क्षणी तू हवा होतास. ऐकायला माणसं आहेत रे इथे, पण सांगून झाल्यावर "मग पुढे?" असं विचारणारं कोणी नाही.

या कामाने मला एक खोड लावलीय. रस्त्यात मी माणसांचे चेहरे बघतच नाही, चाल बघते. मंगळवारी बाजारात एकजण पाठमोरा दिसला. डावं पाऊल जरा बाहेर टाकत, गाडी चुकणार असल्यासारखा घाईघाईने चाललेला. थेट तुझीच चाल! भाजीची पिशवी सावरत मी धावले. तो वळला, तर कोणी मिशीवाले गृहस्थ! "काय झालं ताई?" मी म्हटलं, "काही नाही, तुमची चाल छान आहे." बिचारे घरी जाईपर्यंत अडखळतच गेले असतील.

एकाच विद्यापीठात जायचं हे आपण कॉलेजच्या जिन्यावर बसून ठरवलं होतं. मग मीच वाट बदलली आणि तू एका शब्दाने मला अडवलं नाहीस. निघताना गाडीत तुझं सामान चढवताना फक्त म्हणालास, "मुंगे, वेळेवर जेवत जा." गाडी हलली तेव्हा मला तुझा भयंकर राग आला होता. आता वाटतं, तू अडवलं असतंस तर मी तुझ्या मागे आलेही असते, आणि त्या कंडक्टर बाई मला कधी भेटल्या नसत्या.

काल तुझी ताई भेटली. म्हणाली, "अगं, तो सगळं सोडून परत येतोय. इथेच कुठेतरी नोकरीला चिकटतो म्हणाला." मला तू काहीच कळवलं नव्हतंस. खरं सांगू? घरी पोचेपर्यंत मी हवेतच होते. जेवायला बसले आणि मनात आलं, हा माझ्यासाठी तर येत नसेल? गणित नकोसं झालं असेल तर खुशाल ये, मी स्टेशनवर घ्यायला येईन. पण गेल्या पत्रात तू एका प्रमेयावर पानंच्या पानं लिहिली होतीस. मला ओ की ठो कळलं नाही, तुझा आनंद तेवढा कळला. तेव्हा माझ्यासाठी येत असशील तर येऊ नकोस. उद्या कशावरून तरी आपलं बिनसेल, तू गप्प बसशील आणि त्या गप्प बसण्यात ते विद्यापीठ असेल. मला ते सोसायचं नाही. तू मला जाऊ दिलंस, तसं मला तुला राहू द्यायचंय. हे पत्र आत्ताच, कामावर जाता जाता पेटीत टाकते. संध्याकाळपर्यंत जवळ राहिलं तर मी ते फाडून टाकीन आणि दुसरं लिहीन. त्यात एकच शब्द असेल: ये.

तुझीच,
मुंगी