गाडी फ्रायबुर्गला सोडायची

नवीन पनवेल,
१२ एप्रिल

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं मजेत आहोत, तुम्ही दोघंही असाल. उकाड्याने जीव नकोसा केलाय, तो इथला दर वर्षीचाच. पत्र बघून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. आमच्याकडे टॅबलेट एकच, त्यावर माझे सगळे मेसेज तुझ्या बाबांना दिसतात. फोन लावला की ते पेपर घेऊन बरोब्बर शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात. तुझा आवाज आला की त्यांचं पान उलटायचं थांबतं, हे मी किती तरी वेळा बघितलंय. म्हणून कामोठ्याची नीताची अंकिता तिकडे जर्मनीला शिकायला निघालीय, तिच्याबरोबर भाजणी, मेतकूट आणि हे पत्र पाठवतेय.

तर आमचा युरोप दौरा नक्की झाला. जूनमध्ये म्युनिकला उतरायचं, विमानतळावरच भाड्याची गाडी घ्यायची आणि स्वतः चालवत फिरायचं. कंपनीबरोबरची सहल नको, तिथे झेंड्यामागून पळावं लागतं, असं तुझ्या बाबांचं म्हणणं. गेला महिनाभर आमच्याकडे दुसरा विषय नाही. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढायचा, म्हणजे जुना ओरखडा आपल्या माथी येत नाही. टाकी भरून घ्यायची, भरून परत द्यायची. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्या नावाचं लागतं. आंतरराष्ट्रीय परवानाही काढून झाला. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणून हे रोज सकाळी पार्किंगमध्ये जाऊन आपल्या गाडीत डाव्या सीटवर बसतात आणि उजव्या हाताने हवेत गिअर टाकतात. परवा वॉचमन वर येऊन मला हळूच विचारून गेला, "काकू, साहेब बरे आहेत ना?"

मी म्हटलं, आहेत, जर्मनीला पोचलेत.

आता मुक्काम ऐक. बाझल, कोलमार, टिटिसे. मला काय कळणार, मी आपली मान डोलावली. पण मागच्या आठवड्यात तुझ्या सासूबाई आल्या होत्या, मालूताई. त्यांना मी टॅबलेटवर नकाशा दाखवला. त्या गेल्या वर्षी तुमच्याकडे राहून आल्यात, त्यांना सगळं माहीत. त्यांनी नकाशावर बोट फिरवलं आणि हसत सुटल्या. "विहीणबाय, यो मानूस पोरीच्या गावाला नुसत्या परदक्षिणा घालतोय. देवलान काय जात नाय."

खरंच गं. प्रत्येक मुक्काम तुझ्या घरापासून तासाभरावर, आणि तुझ्या घरी एकही नाही. विचारलं तर म्हणाले, "मुलीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरी राहू नये, अशी आपल्यात रीत आहे." रीत! सत्यनारायणाला प्रसादापुरता येणारा हा माणूस. माझे वडील आपल्याकडे महिना महिना राहायचे, तेव्हा कुठे गेली होती रीत? आणि मालूताईंनी आणलेले सुके बोंबील दोन वेळा मागून घेतात आणि "बाजारात बरे मिळाले" म्हणतात. मुलीच्या सासरचं पाणी चालत नाही, बोंबील चालतात.

रीतबीत काही नाही, ते तुलाही माहीत आहे. लग्नाच्या दिवशी ते जे बोलले ते मी आजवर कधी तोंडातून काढलं नाही. मिठागरवाल्याच्या पोराच्या दारात पाय ठेवणार नाही, हे शब्द. भर हॉलमध्ये, तुझे सासरे शिवाभाऊ अक्षता घेऊन उभे असताना. तू त्यानंतर बाबांशी बोलली नाहीस, मी तुला दोष देत नाही. पण बोललेला शब्द घशात अडकलेल्या काट्यासारखा असतो. हे तो काटा गिळूही शकत नाहीत आणि काढूही शकत नाहीत. अजून किती वर्षं प्रदक्षिणाच घालणार?

मग मालूताईंनीच युक्ती सांगितली. "गाडी पोरांच्या गावान सोडायची, शनवारी. दुपारनंतर गाडीवाल्यांचा हापीस बंद, रविवारी तं सगलाच बंद. गाडीच नाय तं जातील कुठं?"

मी दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून भावेशकडे गेले. तो आपला ट्रॅव्हलवाला, बुकिंग त्याच्याकडेच आहे. गाडी परत द्यायची जागा फ्रँकफर्ट होती, ती बदलून मी तुमचं फ्रायबुर्ग करायला लावली. शनिवार, दुपारी बाराच्या आत. विमान सोमवारी रात्री फ्रँकफर्टहून. मधला वेळ तुमचा. घरी येऊन सांगितलं, भावेश म्हणतो मोठ्या विमानतळावर गाडी सोडताना नवखा माणूस गोंधळतो, छोट्या गावात सोपं पडतं. मी भांडणाच्या तयारीत होते. हे नुसतं "बरं" म्हणाले. इतक्या लवकर ते मला बघायला आले तेव्हाही हो म्हणाले नव्हते.

तेव्हा आता तुझं काम. त्यांच्यासमोर आगगाडीचं आणि हॉटेलचं नाव काढायचं नाही. जेवायला आमटी-भातच कर, पक्वान्नं मांडू नकोस, बिथरतील. दारात येऊन थबकले तर थबकू दे. कोणी आग्रह करायचा नाही, प्रणितला पण सांग. मी आत जाऊन कुकर लावीन. शिट्टी झाली की आपोआप येतील.

आणि ते नाहीच आले तरी मी येणार आहे, रेवा. हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी आहे असं मी मालूताईंना सांगितलं, ते अर्धंच खरं. तुझा ओटा मी अजून टॅबलेटवरच बघते. तुझे डबे कुठे असतात, सकाळी खिडकीतून काय दिसतं, मला काही माहीत नाही. मला तुझ्या घरात पहाटे उठून सगळ्यांचा चहा करायचाय. एवढंच हवंय.

पार्सल बाबाच अंकिताकडे पोचवायला जाणार आहेत. पत्र भाजणीच्या डब्याखाली आहे. त्यांना संशय नाही.

प्रणितला आशीर्वाद.

तुझी,
आई

---

कामोठे, अंकिताच्या बिल्डिंगखाली, गाडीत.
१२ एप्रिल

रेवा,

तुझ्या आईचं पत्र भाजणीच्या डब्याखाली आहे. मी वाचलेलं नाही, वाचायची गरजही नाही. ती भावेशच्या दुकानातून बाहेर पडल्या पडल्या भावेशने मला फोन केला होता. फ्रायबुर्गचं ऑफिस रविवारी बंद असतं, हे तिला मालूताईंनी सांगितलं असणार. मला ते आधीपासून माहीत होतं. तुझ्या गावातली सगळी ऑफिसं कधी उघडतात आणि कधी मिटतात, हे मी बघून ठेवलं आहे. तुझ्या घरासमोरचा रस्ता एकेरी आहे, तेही.

मी त्या बुकिंगमध्ये एक बदल केला आहे. गाडी शनिवारी नाही, दोन दिवस आधी, गुरुवारी सोडतो. टिटिसेचं हॉटेल रद्द केलं. तिला जेमतेम दोन रात्री मिळत होत्या. एवढ्यात तिचं काय होणार, आणि माझं तरी काय होणार? आईला हे सांगू नकोस. एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदा माझ्यापासून काही लपवलंय आणि त्या आनंदात ती दिवसभर गुणगुणत असते. गुरुवारी कळेल तिला.

एक काम कर. मी किल्ली परत देताना तिथे प्रणित हवा. गाडी तपासून घ्यायला नव्हे, ते मला जमतं. त्याच्या दाराबद्दल मी काय बोललो ते तू विसरली नसशील, मीही विसरलेलो नाही. तेव्हा मी दारापर्यंत एकटा येऊ शकणार नाही. त्याने मला न्यायला यावं. लग्नाच्या दिवशी जावई दारात आला, तेव्हा मी खुर्चीतून उठलो नव्हतो. तरीही त्याने यावं, असं त्याला माझ्यातर्फे सांग. सांगू नको, विचार.

गुरुवारी बारा वाजता. तो येईपर्यंत मी तिथेच थांबेन.

तुझे,
बाबा