पाइनच्या म्हाताऱ्या रानासाठी

आई, तू गेलीस तेव्हा मी नुकतीच आयर्लंडला शिकायला आले होते, आणि आता इथेच, जंगलाच्या कामात, माझे केस पिकायला लागलेत. तू अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचीस. एकदा मेळघाटातल्या सहलीत अर्जुनाच्या एका पोकळ झाडाकडे बघून मी म्हणाले, "हे मेलंय." तू मला सगळ्या वर्गासमोर झापलंस. "एवढी घाई कसली? वर बघितलंस का?" वर कोवळी पालवी होती. तो राग मी बरेच दिवस धरून होते.

इथे पश्चिमेला, चुनखडीच्या खडकांवर, इथल्याच मूळच्या, कुणी न लावलेल्या पाइनचं एक लहानसं रान उरलंय. पहिल्यांदा गेले तेव्हाच त्याचं म्हातारपण दिसलं. शेंडे सपाट झालेले, वरच्या फांद्या वाळलेल्या, हिरव्या सुया फक्त टोकांना. साल हाताने सुटून येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खाली एकही कोवळं झाड नाही. रोप उगवलं की रानबकऱ्या खाऊन टाकतात. मीटिंगमध्ये आमचे साहेब शांतपणे म्हणाले, "त्यांचं झालंय आता. तोडू आणि नर्सरीतली लावू. ग्रँड होईल." इथे 'ठीक होईल' म्हणायचं तर 'ग्रँड' म्हणतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हणाले, "नाही. आधी कुंपण घालू."

"आणि काहीच उगवलं नाही तर?"

"तर माझं चुकलं म्हणा. पण जिवंत झाडांना मेलेली ठरवणाऱ्या कागदावर मी सही करणार नाही."

कुरकुरत का होईना, कुंपण झालं. पुढच्याच हिवाळ्यात वादळ आलं आणि सगळ्यात जुना पाइन आडवा झाला. साहेबांचा फोन आला, "आता तरी पटलं?" नाही पटलं. तो ओंडका मी जागचा हलवू दिला नाही. तो पडला तिथे आभाळ मोकळं झालं, ऊन जमिनीपर्यंत पोचायला लागलं, आणि परवा त्याच्या कडेला, बोटाएवढी, पाइनची रोपं दिसली. माझी लेक गुडघे टेकून वाकते आणि म्हणते, "आई, दे आर ओन्ली टायनी." मी म्हणते, "असू देत. बकऱ्यांना आत यायला वाट नाही."

हे तुला पाठवायचं कुठे, म्हणून ड्रॉवरमध्येच राहील. तुला एकच सांगते, जे साहेबांना सांगितलेलं नाही. मीटिंगमध्ये नाही म्हणाले तेव्हा माझ्याकडे कसलाच पुरावा नव्हता. नुसता हट्ट होता. अजूनही आहे.